सासूबाईंची हुडहुडी

बाहेर वैशाख नुसता पेटला होता! क्रांती चौकातून जालना रोड ओलांडायचा तर डांबर चपलेला चिकटत होते. आणि चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका दवाखान्यात, त्या भर दुपारी, आमच्या सासूबाई थंडीने कुडकुडत होत्या! 2022 सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. पित्ताशयातल्या खड्यांसाठी पोट उघडून ऑपरेशन झाले होते. बाहेर आणले तेव्हा अंग असे थडथडत होते की खालची लोखंडी खाट वाजावी. कवळी आधीच काढून ठेवलेली, म्हणून दात वाजले नाहीत इतकेच. हनुवटी मात्र लटलट उडत होती.

आत्याबाई म्हणाल्या, "वारं लागलं." हे म्हणाले, "ताप भरतोय." मी धावत घरी गेले आणि दोन गोधड्या नि गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आले. गोधड्या नर्सबाईंनी घालू दिल्या; पिशवी मात्र हातातून काढून घेतली. मला रागच आला! पण त्यांचे खरे होते. भुलीच्या अमलात असलेल्या माणसाला चटका कळत नाही. कातडी भाजून निघते तरी तो हूं की चूं करत नाही. सासूबाई पाऊण तास कापत होत्या. रक्तदाबाच्या यंत्राला आकडा धड दाखवता येईना. हृदयाची गोळी त्यांना आधीच चालू. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे सगळे ठीक झाले, पण त्या पाऊण तासाचा धसका माझ्या मनातून काही गेला नाही.

दोन वर्षांनी त्याच जखमेच्या जागी हर्निया झाला. (हुडहुडीनेच टाके सैल झाले, असा सासूबाईंचा ठाम दावा; डॉक्टरांनी तो हसून मोडीत काढला.) पुन्हा पूर्ण भूल द्यावी लागणार होती. या खेपेला मी आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञ बाईंना गाठले आणि सरळ विचारले, "पुन्हा तसेच कापरे भरले तर?"

बाईंनी बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, "शरीर आपली ऊब छातीपोटात जपून ठेवते, हातापायांना बेताबेताने देते. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतले ऊन रक्त बाहेरच्या बाजूला पसरते." बंबातले कढत पाणी गार बादलीत ओतावे तसे, हे माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहिले! पहिल्या तासाभरातच आतले तापमान अंशा-दीड अंशाने उतरते. त्यात खोली गार, पोट उघडे, शिरेतून जाणारे सलाइनही गार. एरवी मेंदूने केव्हाच ओरड केली असती. पण तोही गुंगीत. भूल उतरते, मेंदू डोळे उघडतो, घराची ही दशा पाहतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो: कापा, ऊब करा! या खटाटोपात शरीराला दुपटी-तिपटीनेही प्राणवायू लागू शकतो. गंमत अशी की हुडहुडी तरुणांना जास्त भरते आणि ती झेपत नाही म्हाताऱ्यांना.

"मग माझ्या गोधड्या?" मी विचारले.

"एका पांघरुणाने कातडीवाटे जाणारी उष्णता सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते. वर आणखी चार घातली तरी फारसा फरक पडत नाही. आणि तुम्ही त्या आणल्या केव्हा? ऊब गेल्यावर!"

खरा उपाय भुलीच्या आधी करायचा असतो. अर्धा तास अगोदर रोग्यावर गरम हवेची रजई घालतात. ती दिसते कागदी गादीसारखी. नळीने तिच्यात गरम हवा सोडतात. हातपाय आधीच उबदार असले की आतली ऊब तिकडे धाव घेत नाही. सलाइन 37 अंशांपर्यंत गरम करून द्यायचे आणि रोगी उघडा असेतो खोली 21 अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही. रोग्याचे तापमान 36 च्या खाली असेल, तर घाईचे ऑपरेशन नसल्यास भूलच सुरू करू नये, असे इंग्लंडमधले मार्गदर्शन सांगते.

आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या हैदराबादेत 1888 आणि 1889 साली क्लोरोफॉर्मवर दोन कमिशने बसली होती. भुलीने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा तेव्हाचा वाद! त्या मानाने आम्ही हुडहुडीची चौकशी करीत बसलो होतो, हे सुखच म्हणायचे.

डिसेंबरातल्या एका सकाळी सासूबाईंना आत नेले. चौकात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळून जाणारी माणसे कानटोप्या घालून चालली होती. आत सासूबाई गरम रजईखाली, पायांत माझे लोकरी मोजे. "दवाखान्यात आलेय की माहेरी?" त्यांनी विचारले.

दोन तासांनी बाहेर आणले. खांद्याला किंचित थरथर होती. बाईंनी शिरेतून पेथिडीनचा लहानसा डोस दिला. हे औषध सरसकट देत नाहीत. त्याने मळमळते, गुंगी वाढते. थोड्याच वेळात खांदा शांत झाला. रक्तदाबाचा आकडा या वेळी स्पष्ट दिसत होता. ह्यांनी तो दोनदा वाचला.

सासूबाईंनी डोळे उघडले, आम्हां सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "आधी माझी कवळी आणा!"