जर्मनमध्ये नव्वदीपार गुण, तरी जर्मनीत बोलताना गाडी का अडते? समजून घ्या भाषेचे गणित

अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेली जर्मन भाषा पुढे मास्टर्स, नर्सिंग किंवा नोकरीसाठी पुरते का? ए१ ते सी२ या पातळ्यांचा नेमका अर्थ काय? बी२ पर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? जर्मन निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर माहीत असायला हव्यात अशा गोष्टी...

जर्मन शिकण्याकडे एवढा ओढा का?

पहिले कारण गुणांचे. पुण्या-मुंबईतील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येते. अभ्यासक्रम मर्यादित असतो, व्याकरणाचे प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण मिळतात. मराठी किंवा हिंदीच्या निबंधात हातचे गुण जाण्याची धास्ती असलेले विज्ञान आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी त्यामुळे जर्मनकडे वळतात.

दुसरे कारण थेट जर्मनीचे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नाही. काही अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. तरीही अमेरिका किंवा ब्रिटनच्या तुलनेत खर्च बराच कमी. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही सर्वांत मोठी संख्या होती.

तिसरे कारण मनुष्यबळाचे. कुशल भारतीयांना द्यायच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला होता.

ए१, बी१, सी१ म्हणजे काय?

युरोपात कोणतीही भाषा किती येते, हे सहा पातळ्यांवर मोजतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. ए१ म्हणजे नाव-गाव सांगणे, दुकानात वस्तू मागणे, वेळ विचारणे. बी१ म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर निभावणे. बी२ म्हणजे आपल्या विषयावरची चर्चा समजणे आणि तीत भाग घेता येणे. सी१ला विद्यापीठातील व्याख्यान आणि कार्यालयीन लिखाण झेपते.

गुणपत्रिकेतील टक्के आणि या पातळ्या यांचा थेट संबंध नाही, आणि घोळ इथेच होतो. बारावीला १०० पैकी ९५ गुण म्हणजे त्या अभ्यासक्रमातले ९५ टक्के आले. तो अभ्यासक्रम कोणत्या पातळीचा आहे, हे गुणपत्रिका सांगत नाही.

मग बारावीपर्यंतची जर्मन कुठे बसते?

तासांचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. ग्योथं इन्स्टिट्यूट या जर्मनीच्या अधिकृत सांस्कृतिक संस्थेच्या अंदाजानुसार ए१ साठी ८० ते २००, ए२ पर्यंत २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात. एक तासिका ४५ मिनिटांची.

आता कनिष्ठ महाविद्यालयात आठवड्याला चार तासिका आणि वर्षाला ३० आठवडे धरले, तर दोन वर्षांत २४० तासिका होतात. म्हणजे सगळे तास झाले आणि सगळ्या तासांना हजेरी लावली, तरी विद्यार्थी ए२ च्या आसपास असतो. त्यातही वर्गात ६०-७० मुले असतील, तर बोलण्याची संधी प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? लिहिण्या-वाचण्याचा पाया तयार होतो, पण ऐकणे आणि बोलणे मागे पडते.

अभियांत्रिकीला गेल्यावर तर अनेकांची जर्मन सुटतेच. चार वर्षांनी मास्टर्सचा अर्ज भरताना पुन्हा ए१ पासून सुरुवात करावी लागते.

बी२ पर्यंत जायला किती वेळ लागेल?

आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तासांचा वर्ग धरा. आठवड्याचे सहा तास, म्हणजे आठ तासिका. ६०० तासिकांना ७५ आठवडे लागतील, ८०० तासिकांना १००. याचा अर्थ दीड ते दोन वर्षे, तेही मध्ये खंड न पडता. घरचा अभ्यास वेगळाच. ‘सहा महिन्यांत बी२’ अशी जाहिरात दिसली, तर रोज किती तास वर्ग होणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ए१ सुरू करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी पदवी हातात येईपर्यंत बी२ च्या जवळ जाऊ शकतो. शेवटच्या सत्रात सुरू करणाऱ्याला ते जवळपास अशक्य आहे.

मास्टर्स इंग्रजीतून आहे, तर जर्मन कशाला?

प्रवेशापुरता हा मुद्दा बरोबर आहे. जर्मनीत इंग्रजी माध्यमाचे अनेक मास्टर्स अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना जर्मनची अट नसते. अडचण प्रवेशानंतर सुरू होते.

व्हिसासाठी विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. दरमहा त्यातले ९९२ युरो काढता येतात. म्युनिकसारख्या महागड्या शहरात एवढ्यात भागवणे अवघड जाते, म्हणून विद्यार्थी अर्धवेळ काम शोधतात. नियमानुसार वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण दुकान, उपाहारगृह किंवा कार्यालय, समोरचा माणूस जर्मनच बोलतो. भाषा येत नसेल तर कामाचे पर्याय निम्म्यावर येतात. घरमालकाचे पत्र, विमा कंपनीचा फॉर्म, नगरपालिकेतील नोंदणी हे सगळेही जर्मनमध्येच असते.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागांत इंग्रजी चालते. मात्र जर्मन उद्योगाचा कणा असलेल्या मध्यम आकाराच्या, लहान गावांतील कंपन्यांत कामाची भाषा जर्मन असते. पुढे ईयू ब्लू कार्ड मिळाले, तर ए१ असलेल्याला २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी१ असलेल्याला तोच २१ महिन्यांनी.

कोणाला कोणती पातळी लागते?

• जर्मन माध्यमातून पदवी किंवा मास्टर्स : साधारणपणे सी१ च्या जवळची पातळी. त्यासाठी टेस्टडाफ किंवा डीएसएच या परीक्षा असतात. टेस्टडाफमध्ये चारही भागांत टीडीएन ४ मिळाले, तर बहुतेक ठिकाणी भाषेची अट पूर्ण होते.

• परिचारिका म्हणून नोंदणी : बहुतेक राज्यांत बी२.

• आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचे व्यवसाय प्रशिक्षण : सहसा बी१.

• नोकरी शोधण्यासाठीचे चान्सेनकार्ट : जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२. जून २०२४ पासून लागू झालेल्या या कार्डाची अट सोपी असली, तरी ए१ वर नोकरी मिळेलच असे नाही.

मराठी विद्यार्थ्याला जर्मन अवघड की सोपी?

इंग्रजीच्या चष्म्यातून पाहिले तर अवघड, मराठीतून पाहिले तर बरीच ओळखीची. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत : डेअर, डी, दास. आपल्याकडे तो, ती, ते. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. पण खुर्ची जर्मनमध्ये पुल्लिंगी, तर दार स्त्रीलिंगी आहे. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकटच पाठ करावे लागते.

विभक्तीची कल्पनाही आपल्याला नवी नाही. ‘मला थंडी वाजते’ या अर्थाने जर्मन माणूस ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणतो. यातला ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून ‘इश बिन काल्ट’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘मी थंड स्वभावाचा आहे’ असा होऊ शकतो. आकड्यांतही सारखेपणा आहे. एकवीसला जर्मनमध्ये ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक-आणि-वीस म्हणतात. एकक आधी, दशक नंतर. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही मराठीसारखेच. जोडशब्द तर समासच : हाताचा बूट म्हणजे ‘हांटशू’, अर्थात हातमोजा.

थोडक्यात, जर्मन व्याकरण मराठीशी ताडून शिकले, तर काही धडे लवकर उलगडतात.

शिकायचे कुठे?

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे प्रमाणपत्रापासून एमएपर्यंत जर्मन शिकता येते. मुंबई विद्यापीठातही स्वतंत्र जर्मन विभाग आहे. ग्योथं इन्स्टिट्यूट भारतात मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखले जाते. त्याची केंद्रे पुणे आणि मुंबईत आहेत. तिथे वर्गही चालतात आणि परीक्षाही होतात. विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि ग्योथंचे प्रमाणपत्र यांत फरक आहे. व्हिसा किंवा प्रवेशासाठी कोणते चालेल, हे शुल्क भरण्याआधीच तपासावे.

परीक्षा कधी द्यावी?

ग्योथंच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात. बी१ आणि बी२ला एखादा भाग राहिला, तर तेवढाच पुन्हा देता येतो. प्रमाणपत्राला मुदत नसते. पण अनेक विद्यापीठे आणि कंपन्या दोन वर्षांपेक्षा जुने प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षातच बी१ची परीक्षा देऊन ठेवली आणि पुढे अभ्यास सोडला, तर अर्जाच्या वेळी ते प्रमाणपत्र उपयोगी पडेलच असे नाही.

भाषांतराचे ॲप असताना एवढी मेहनत का?

डीपएल हे लोकप्रिय भाषांतर साधन जर्मनीतील कोलोनच्याच कंपनीचे आहे. पत्र वाचायला, फॉर्म समजून घ्यायला ते उत्तम. मात्र मुलाखतीत, रुग्णाच्या खाटेपाशी किंवा कारखान्यातील बैठकीत मोबाइल पुढे करून चालत नाही. व्हिसा आणि नोंदणीसाठीही माणसाची परीक्षा होते, ॲपची नाही.

मग अकरावीला जर्मन घ्यावी का?

केवळ गुणांसाठी घेतली तरी नुकसान नाही. पण जर्मनीला जायचे मनात असेल, तर बारावीची जर्मन ही सुरुवात समजावी. बारावीनंतरच्या सुटीत ए२ची परीक्षा दिली आणि पदवीच्या काळात आठवड्याचे चार-सहा तास राखून ठेवले, तर ते २४० तास वाया जात नाहीत. सोडून दिली, तर दोन-तीन वर्षांत बहुतेक शब्द विसरतात आणि पुन्हा ए१ची फी भरावी लागते.