आर्गन शिकताय? आधी डोळे सांभाळा!

वीकेंडला वेल्डिंग? हसू नका! चिपळूणजवळच्या लोटे परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांत स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना टिगच लागतं, म्हणजे आपलं ‘आर्गन’. मी शिकायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न हेल्मेटचा! एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर रॉड. त्यामुळे हातात धरायची काच बाद. आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या, पण सांभाळून. टिगचा आर्क शांत, करंट कमी. दोन सेन्सरवालं स्वस्त मॉडेल तो कधीकधी ओळखतच नाही. फिल्टर अतिनील किरण तेव्हाही अडवतो. पण लखलखाटाने डोळे दिपतात, हात हलतो आणि टंगस्टन चिकटलाच म्हणून समजा! तेव्हा चार सेन्सर, शेड ९ ते १३ बघा. आणि दुकानदाराला बिनधास्त विचारा, ‘१० अँपिअरला काळं होतं का?’