जुन्या गाडीची तपासणी (भाग ६) : दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली व्हॅन

हायवेला लागताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पळत नाही. कडेला घेऊन किल्ली फिरवून बंद केली, पुन्हा सुरू केली, की सगळे गिअर शहाण्यासारखे पडतात. थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. नव्वदच्या दशकातली किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली डॉज कॅरॅव्हॅन, प्लिमथ व्हॉयेजर किंवा क्रायस्लर टाउन अँड कंट्री ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना हे चांगलं ठाऊक असेल. अमेरिकेत आईवडील भारतातून राहायला आले की सगळ्यांना एकाच गाडीत बसता यावं, म्हणून अशी जुनी मिनिव्हॅन घेतलेली मराठी घरंही बरीच आहेत.

गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा एकच निकाल मिळतो, ‘ट्रान्समिशन गेलं’, आणि खर्चाचा आकडा व्हॅनच्या किमतीच्या वर जातो. माझं म्हणणं असं, की गाडी दुसऱ्यात अडकली एवढ्यावरून हा निकाल देताच येत नाही. दुसरा गिअर हा बिघाड नव्हे, तो कॉम्प्युटरचा निर्णय आहे.

१९८९च्या मॉडेलपासून क्रायस्लरने या गाड्यांत चार गिअरचं ‘अल्ट्राड्राइव्ह’ आणलं. सुरुवातीचं नाव ए६०४, पुढे ४१टीई. जुन्या तीन गिअरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये क्लचबरोबर पट्टे असत, इथे पट्टे काढून टाकले आणि सगळं काम क्लचच्या पाच जुड्यांवर सोपवलं. त्यांच्याकडे जाणाऱ्या तेलाचा दाब सोलेनॉइड सोडतात आणि अडवतात, सोलेनॉइडना हुकूम देतो कॉम्प्युटर. त्याला काही गैर दिसलं की तो सोलेनॉइडचा वीजपुरवठाच तोडतो. वीज नसताना तेल ज्या वाटेने वाहतं, त्या वाटेवर पुढे जाण्यासाठी फक्त दुसरा गिअर मिळतो. रिव्हर्स, न्यूट्रल आणि पार्क चालू राहतात. हळूहळू का होईना, घरी पोहोचता यावं म्हणून केलेली ही सोय आहे.

मग कॉम्प्युटरला गैर दिसलं ते काय? गिअरबॉक्सवर वेग मोजणारे दोन सेन्सर आहेत, एक आत येणाऱ्या फिरकीचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या फिरकीचा. दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.५७. म्हणजे बाहेरची बाजू मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर आतली १५७० घेते आहे असं दिसायला हवं. पहिल्याला हे प्रमाण २.८४, तिसऱ्याला १, चौथ्याला ०.६९, रिव्हर्सला २.२१. १५७०च्या जागी १७५० दिसले की कॉम्प्युटर समजतो, क्लच घसरतोय. पण सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर? त्याच्या तारेचं कनेक्टर रस्त्यावरच्या मिठाने गंजलं असेल तर? कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच. तो गाडी दुसऱ्यात टाकून मोकळा. सेन्सर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, आणि क्लच बदलण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. १९९६ नंतरच्या बऱ्याच व्हॅनमध्ये बाहेरचा सेन्सर बिघडला की स्पीडोमीटरचा काटाही नाचतो किंवा मध्येच शून्यावर येतो. हा काटा बघायला पैसे पडत नाहीत.

कोड वाचण्यातही एक गोम आहे. स्वस्तातला स्कॅनर लावला तर तो बहुधा पी०७०० दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नोंद आहे. ती नोंद वाचायला त्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो. पी०७१५ आणि पी०७२० हे सेन्सरचे कोड. पी०७३१पासून पुढचे, प्रमाण चुकल्याचे. पी०७००च्या आधारावर कुणी अख्ख्या ट्रान्समिशनचा भाव सांगत असेल, तर चावी परत घ्यावी. कमजोर बॅटरी आणि सैल अर्थिंगही असले घोळ घालतात, म्हणून आधी ती बघा.

खरोखरच क्लच घसरत असेल तर कुठला, हे गाडी चालवूनच बरंचसं कळतं. या गिअरबॉक्समधला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. प्रत्येक गिअरला दोन क्लच लागतात. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये अंडरड्राइव्ह क्लच असतो. त्याच्या जोडीला पहिल्यात लो-रिव्हर्स, दुसऱ्यात टू-फोर आणि तिसऱ्यात ओव्हरड्राइव्ह. चौथ्यात ओव्हरड्राइव्ह आणि टू-फोर. रिव्हर्समध्ये रिव्हर्स आणि लो-रिव्हर्स. आता कोडं सोडवा. पहिला आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात, बाकी ठीक, तर संशय लो-रिव्हर्सवर. तिसरा आणि चौथा घसरतो, तर ओव्हरड्राइव्ह. पहिले तिन्ही रडतात पण चौथा आणि रिव्हर्स पकडतो, तर अंडरड्राइव्ह. आणि अडकलेल्या दुसऱ्यात गाडी न घसरता नीट ओढत असेल, तर अंडरड्राइव्ह आणि टू-फोर तरी धड आहेत, हे त्या अडकण्यानेच सांगितलं.

तेलाबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलंच आहे, त्यामुळे इथे एवढंच की या गाड्यांना एटीएफ प्लस फोर लागतं. त्याच्या जागी डेक्सरॉन टाकलं तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होताना गाडी थरथरते, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी. घर्षण सांभाळणारी द्रव्यं दोन्ही तेलांत वेगळी असतात. पॅन उतरवून सुमारे ४ क्वार्टच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे चुकीचं तेल एका खेपेत पूर्ण जात नाही. पॅनला निचऱ्याचा बोल्ट नाही, तेव्हा खाली मोठी परात हवीच.

पॅन उतरवलाच आहे तर आतला लोहचुंबक बघा. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर पुसून परत बसवा, इतकी झीज व्हायचीच. पण तळाशी धातूच्या चकत्या किंवा काळे चिंधकुटे दिसले, आणि तेलाला जळका वास असेल, तर सेन्सर बदलत बसू नका. तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

पुढच्या भागात : बॅटरी बदलल्यानंतर काही दिवस गिअर हिसके का देतात, आणि कॉम्प्युटर पुन्हा कसा शिकतो.