चुकलेलं तिकीट आणि उलटा ६



तिसरीच्या वर्गात सहाचा पाढा तपासत होते. एका मुलाने ३६ च्या जागी ३३ लिहिलेले. ६० च्या जागी ३०. मी लाल पेनाने फुल्या मारत गेले आणि तो रडवेला झाला. तोंडी विचारलं, तर "सहा सक छत्तीस" अगदी बरोबर! म्हणजे पाढा येत होता, फक्त ६ उलटा होऊन ३ होत होता. मी चूक मोजली होती, वाचली नव्हती.

चूक वाचायची कशी, हे टपाल तिकिटं जमवणाऱ्यांकडून शिकावं. त्यांना छपाईत चुकलेलं तिकीट सापडलं की ते आधी विचारतात, "हे असं झालं कसं?"

दोन प्रसिद्ध चुका

१८५४ मध्ये कोलकात्यात चार आण्यांचं तिकीट दोन रंगांत छापलं गेलं. लाल चौकट आणि आत राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं. दोन रंग म्हणजे कागद दोनदा छापायचा. काही कागद एका वेळी उलटे लागले आणि चौकटीत राणीचं डोकं खाली आलं. आज ती तिकिटं फार दुर्मीळ आहेत.

दुसरी चूक १९४९ ची. स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती. चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं आणि डावा हात पसरलेला दिसू लागला. १९५० मध्ये दुरुस्त तिकीट आलं, त्यात उजवा हात आहे. संग्राहक दोन्ही तिकिटं शेजारी लावतात. आमच्या मुलाचा ६ असाच उलटला होता!

चूक वेगळी, प्रकार वेगळा

प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे. नाण्यावर सालाखाली बघा. मुंबई टांकसाळीची खूण चौकट (हिऱ्याचा आकार), हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब. कोलकात्याच्या नाण्याला खूण नसते. तसंच नोटेच्या क्रमांकात चांदणी दिसली तर ती नोट खोटी नाही. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी अशी नोट घालतात. २००६ पासून ही पद्धत आहे.

वर्गातला उपक्रम

१. प्रत्येकाने घरून एक नाणं बघायला आणावं. वहीत नाव लिहून घ्या, संध्याकाळी परत द्या.
२. भिंगातून खूण शोधून टांकसाळीप्रमाणे गट करावेत.
३. खूण न दिसलेली नाणी पुन्हा तपासावीत. कोलकात्याचं आहे की खूण झिजली आहे?
४. शेवटी फळ्यावर तक्ता करावा.

निरीक्षण, वर्गीकरण आणि नकाशा, तिन्ही एका तासात होतात.

पालकांसाठी एक सूचना

हा उपक्रम झाल्यावर एक पालक ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट घेऊन आले. मोबाईलवर कुणीतरी लाखो रुपये देतो म्हणाला होता, पण आधी "फी" भरायची होती. कृपया भरू नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि आपण असं शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. संग्रह पैशासाठीच असतो असं नाही. आपल्या तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपल्या म्हणून उभं राहिलं.

त्या मुलाला मी फळ्यावर मोठा ३६ काढून दाखवला. म्हटलं, "बघ, दोघांनी एकमेकांकडे पाठ केलीय. म्हणूनच भांडणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणतात." तो हसला. आठवडाभर वाळूत बोटाने गिरवून घेतलं. अजून एखादा ६ उलटतो, पण आता तो स्वतःच ओळखतो.

पुढची वही तपासताना फुली मारण्याआधी एकदा विचारून बघा, "हे असं झालं कसं?"