स्मृती सरते, ठेका उरतो

सकाळी काय खाल्ले हे ज्यांना दुपारी आठवत नाही, अशा वृद्धांच्या कानी तरुणपणीचे एखादे गाणे पडते आणि त्यांची बोटे खाटेच्या कठड्यावर अचूक ताल धरतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची शुश्रूषा ज्या घरात चालू आहे, तेथे हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. याला केवळ योगायोग समजू नये. जुन्या ध्वनिमुद्रणांची ही मोहिनी कशातून येते हे समजून घेतले, तर ती शुश्रूषेच्या कामी आणता येते.

ठेक्याची ओढ

आरंभी थोडे दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६० च्या दशकात ‘फंक’ नावाचे संगीत घडविले. जेम्स ब्राउन हे त्याचे अध्वर्यू. या संगीतात पहिल्या मात्रेवर ठाम आघात असतो, जणू आपल्याकडची समच. उरलेल्या मात्रांत मात्र ढोल, गिटार आणि पितळी वाद्ये अपेक्षित जागा किंचित चुकवीत खेळत राहतात. ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ साली वाजविलेला ढोलाचा एक लहानसा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत जसाच्या तसा वापरला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ठेक्यांचे नमुने लोकांना ऐकविण्यात आले. अगदी सरळ ठेका कंटाळवाणा वाटला, फार गुंतागुंतीचा ठेका परका वाटला. मध्यम गुंतागुंतीच्या ठेक्याने मात्र सर्वाधिक आनंद दिला आणि अंग हलविण्याची इच्छाही त्यानेच सर्वाधिक जागविली.

हे वाचून आपल्याला मोडनिंबची संगीत बारी आठवली, तर नवल नाही. ढोलकीवाला समेला हुलकावणी देत देत पुन्हा नेमका समेवर येतो आणि श्रोत्यांच्या माना डोलतात. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या असोत की आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते असोत, ऐकणाऱ्याचे शरीर पुढच्या आघाताची वाट पाहते आणि तो आला की सुखावते. प्रल्हाद शिंदे यांना जाऊन २००४ पासून दोन दशके उलटली, तरी आषाढीच्या दिवसांत त्यांचा आवाज ऐकू येत नाही असे गाव आपल्या भागात विरळाच.

तेच ध्वनिमुद्रण का?

प्रत्यक्ष मैफल दर वेळी वेगळी होते. ध्वनिमुद्रण मात्र शंभराव्या वेळीही तंतोतंत तेच असते. गायकाचा श्वास, ढोलकीची थाप, पेटीचा लहानसा तुकडा ही प्रत्येक खूण मेंदूला पाठ झालेली असते. आवडत्या गाण्यातील उत्कट जागा येण्यापूर्वीच, नुसत्या प्रतीक्षेने मेंदूत डोपामाइन हे सुखद द्रव्य स्रवू लागते, असे कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांना २०११ मध्ये आढळले. त्यातही साधारण दहा ते पंचवीस वर्षे या वयात ऐकलेले संगीत मनात सर्वांत खोल रुजते. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्यांच्या बाबतीत ही गाणी १९५० आणि १९६० च्या दशकांतील ठरतात. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला ‘गीतरामायण’ ऐकलेली ही पिढी आहे.

२०१५ साली जर्मनीतील लायप्झिग येथील संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. दीर्घकाळ परिचित असलेले संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांची हानी अल्झायमरच्या आजारात इतर भागांच्या तुलनेने कमी होते. म्हणूनच नातवाचे नाव हरवले तरी गाण्याचे धृवपद टिकून राहू शकते.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, गेलेली स्मृती परत येत नाही. मन उल्हसित होणे, उदासी व अस्वस्थता काही काळ कमी होणे, एवढे मात्र घडू शकते. ‘आई संध्याकाळी फार अस्वस्थ होते, झोपेची गोळी द्या,’ अशी मागणी माझ्याकडे वारंवार येते. त्या गोळीमुळे वृद्धांचा तोल जातो, पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळीपूर्वी गाण्याचा प्रयोग करून पाहावा, असा माझा आग्रह असतो.

कंपवाताच्या रुग्णांना ठेक्याचा उपयोग निराळ्या रीतीने होतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात रुग्णांनी तीन आठवडे घरी तालावर चालण्याचा सराव केला. त्यांच्या चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी, दोन्ही वाढली. हा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावा आणि प्रारंभी कोणीतरी शेजारी असावेच. ज्यांचा तोल जातो त्यांनी खुर्चीत बसूनच टाळ्या वाजवाव्यात, टाचा आपटाव्यात.

घरी काय करावे?

गाणी रुग्णाच्या आवडीची निवडावीत, आपल्या आवडीची नव्हेत. सोलापुरात तर भाषेचाही विचार हवा. पूर्व भागातील विणकर घरातल्या आजोबांना मराठी भावगीतापेक्षा घंटसाला यांचे तेलुगू गाणे अधिक जवळचे असेल, अक्कलकोटकडच्या आजींना कन्नड वचने, तर कोणाला उर्दू कव्वाली. त्याच गाण्याची नवी, झगमगीत आवृत्ती लावू नये, कारण ओळखीच्या खुणा तीत नसतात.

गाणे वीस-तीस मिनिटे लावावे आणि त्या वेळी शेजारी बसावे. दिवसभर चालू ठेवलेले संगीत हा गोंगाट ठरतो. अंघोळीपूर्वीची किंवा तिन्हीसांजेची वेळ योग्य. मोबाइलवर गाण्याच्या मध्येच कर्कश जाहिरात लागली, तर रुग्ण दचकतो. म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवावीत. शेजारी बसून नेहमीच्या स्वरात बोलता येईल इतकाच आवाज ठेवावा. उतारवयात बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठा आवाज सोसतही नाही. ऐकू कमी येत असल्यास प्रथम कानातील मळ तपासून घ्यावा.

गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी आले म्हणून घाबरू नये, हात हातात घ्यावा. चेहरा त्रासिक झाला, रुग्ण उठून जाऊ लागला, तर ते गाणे बंद करून यादीतून काढून टाकावे. आणि एक इशारा. गोंधळलेपणा एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर संगीतावर विसंबू नका. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नव्या औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या सर्वांत निकडीचे काम एकच आहे आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. घरातील वडीलधारी मंडळी स्वतः सांगू शकतात तोवर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. तरुणपणी कोणती गाणी ऐकत होता, कोणाच्या आवाजातली, रेडिओवर की जत्रेत, हे विचारा आणि वीस गाण्यांची यादी करा. वाचकहो, आपण स्वतः सत्तरीत असाल, तर ही यादी आपणच लिहून मुलांच्या स्वाधीन करा. औषधांच्या यादीशेजारी तिलाही जागा द्या. पुढे कधी शब्द हरवलेच, तर आपल्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट त्यांच्या हाती राहील.