जंजिऱ्याचा काळा तट आणि रंगीत कागद

मुरुडच्या किनाऱ्यावरून भर दुपारी टिपलेल्या जंजिऱ्याच्या रंगीत निगेटिव्हमध्ये काळा तट आणि चकाकते पाणी यांच्या उजेडात इतका फरक असतो, की छापताना चिरे काळोखात बुडतात किंवा पाणी कोरे पडते. कृष्णधवल छपाईत फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातील तफावत, कमीजास्त करता येतो. रंगीत कागदाचा कॉन्ट्रास्ट मात्र कारखान्यातच ठरलेला असल्याने तेथे फिल्टरने रंगछटाच बदलते. अशा वेळी निगेटिव्हवरून कृष्णधवल फिल्मवर फिकट, किंचित धूसर पॉझिटिव्ह बनवून ते निगेटिव्हशी तंतोतंत जुळवून दोन्ही एकत्र छापणे, म्हणजेच मास्किंग, हा वेळखाऊ पण खात्रीचा उपाय होय. निगेटिव्हमध्ये तट जेथे विरळ उमटलेला असतो तेथे मास्कची घनता भर घालते, कागदावर प्रकाश कमी पोचतो आणि चिऱ्यांचे सांधे एकेक करून दिसू लागतात.