‘रोलिंग स्टोन्स’ : दीर्घायुष्याची मीमांसा

लंडन येथे १९६२ साली स्थापन झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक वाद्यवृंदाचे दीर्घायुष्य हे सामान्यतः मिक जॅगर व कीथ रिचर्ड्‌स यांच्या चिकाटीचे फळ मानले जाते. ही उपपत्ती खोटी नव्हे. तथापि ती अपुरी आहे. ब्रायन जोन्स १९६९ साली बाहेर पडला आणि त्याच वर्षी मृत्यू पावला. त्याच्या जागी आलेला मिक टेलर १९७४ च्या अखेरीस वेगळा झाला. बिल वायमनने १९९३ साली निरोप घेतला. व्यक्ती बदलल्या, वादनाची घडण मात्र टिकली.

या घडणीचे मर्म लयीत आहे. रॉक संगीतात सामान्यतः ड्रमवादक लय धरतो व इतर वादक तीस अनुसरतात. येथे रिचर्ड्‌सची गिटार पुढे चाले आणि चार्ली वॉट्‌स तिचा मागोवा घेई. त्यामुळे ठेक्यात येणारे सूक्ष्म शैथिल्य हीच या वाद्यवृंदाची ओळख ठरली.

म्हणूनच २०२१ साली वॉट्‌सचे निधन झाले, तेव्हा प्रश्न केवळ रिक्त जागेचा नव्हता. ती जागा स्टीव्ह जॉर्डनने समर्थपणे सांभाळली. परंतु २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्‌स’ या संग्रहाची अखेर विशेष बोलकी आहे. मडी वॉटर्सच्या ज्या गीतावरून वाद्यवृंदाने नाव घेतले, ते तेथे केवळ जॅगर आणि रिचर्ड्‌स सादर करतात. त्यात ड्रम नाहीत. ब्लूजच्या मूळ स्रोताकडे परतण्याचे सामर्थ्य हे या दीर्घायुष्याचे दुसरे कारण होय. पहिल्याची उणीव मात्र त्याने भरून निघत नाही.